तबकडी, फीत, फाइल : बेंगळुरूतील ध्वनिवहनाचा इतिहास

ध्वनिमुद्रित संगीताचा इतिहास बहुधा साधनांच्या क्रमाने सांगितला जातो : आधी तबकडी, मग कॅसेट, त्यानंतर सीडी, मग एमपीथ्री आणि सर्वांत शेवटी संगणकावरून खिशातल्या प्लेअरमध्ये उतरवलेली हाय-रेझोल्यूशन ध्वनिफाइल. हा क्रम बरोबर असला, तरी त्यातून एक महत्त्वाची गोष्ट निसटते. यातील प्रत्येक साधनाने संगीत वाहून नेण्याच्या मोबदल्यात संगीतातलेच काहीतरी घेतले. कोणी आलापाचा विस्तार कापला, कोणी तंबोऱ्याच्या झंकारात फितीची सळसळ मिसळली, कोणी जागा वाचवण्यासाठी ध्वनीचे बारकावे वगळले, तर कोणी राग, ताल आणि रचनाकार यांची नावे गाळली. म्हणून ध्वनी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेताना काय गमावले गेले आणि ते राखण्याची जबाबदारी त्या त्या काळी कोणाकडे होती, हा प्रश्न साधनांच्या यादीपेक्षा अधिक मोलाचा ठरतो.

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी बेंगळुरू हे शहर विशेष सोयीचे आहे. कर्नाटक संगीताच्या दीर्घ मैफलींची येथे शतकाहून जुनी परंपरा आहे आणि हिंदुस्थानी संगीतालाही येथे जाणता श्रोतृवर्ग लाभला आहे. याच शहरात कॅसेट-उद्योग वाढला, ध्वनीवर प्रक्रिया करणाऱ्या चिपांचे आणि सॉफ्टवेअरचे काम झाले, गाणी फाइलच्या रूपाने विकणारे दुकान उघडले व बंदही पडले, आणि जुन्या तबकड्या अंकीय रूपात आणण्याचा उपक्रमही येथेच उभा राहिला. ध्वनी घडवणारे, साठवणारे, विकणारे आणि ऐकणारे असे चारही घटक एका शहरात एकत्र आल्यामुळे ध्वनिवहनाच्या प्रत्येक टप्प्याचे परिणाम येथे जवळून पाहता येतात.

तबकडीचा काळ

भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाचा आरंभ नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात झाला. ग्रामोफोन कंपनीचे प्रतिनिधी फ्रेड गेझबर्ग यांनी त्या दौऱ्यात ज्यांचे गाणे मुद्रित केले, त्यांत गौहर जान या सर्वांत प्रसिद्ध ठरल्या. त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन ते साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे, म्हणून तासभर चालणारा ख्याल किंवा ठुमरी एवढ्याशा वेळेत बसवण्याची नवी कला गायकांना शिकावी लागली. भारतात मुद्रित झालेल्या मूळ तबकड्या छपाईसाठी जर्मनीतील हानोव्हर येथे जात. भारतातला पहिला कारखाना १९०८ साली कलकत्त्याजवळ सियालदा येथे सुरू झाला. दूरदेशीच्या तंत्रज्ञांना गायक ओळखता यावा, यासाठी गाणे संपताच गायक स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारत असे. आजच्या फाइलीत ध्वनीसोबत माहितीचा जो मजकूर जोडलेला असतो, त्याचे काम तेव्हा गायकाच्या तोंडचा तो उच्चार करत होता. फाइल उतरवताना नावे टिकवणे का आवश्यक असते, याची जाणीव ध्वनिमुद्रणाच्या उगमापासूनच होती, असे यावरून दिसते.

गौहर जान यांच्या आयुष्याचा शेवटचा टप्पा म्हैसूर संस्थानात गेला. १९२८ साली त्यांची तेथे दरबारी गायिका म्हणून नेमणूक झाली आणि १७ जानेवारी १९३० रोजी म्हैसूर येथेच त्यांचे निधन झाले. बेंगळुरूचे नाव ज्यांच्या नावाला कायमचे जोडले गेले त्या बेंगळुरू नागरत्नम्मा यांचे गाणेही तबकड्यांवर उतरले. संस्थानाने ज्यांना आश्रय दिला आणि शहराने ज्यांना कीर्ती दिली, अशा या गायिकांचा आवाज पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचला तो तीन मिनिटांच्या तुकड्यांतून. दरबारात किंवा मंडपात त्यांनी रात्र रात्र केलेला विस्तार मात्र ऐकणाऱ्यांबरोबरच गेला.

म्हैसूरचे शेवटचे महाराज जयचामराज वडियार यांचा तबकड्यांचा संग्रह या काळातील ध्वनिवहनाचे सर्वांत भव्य उदाहरण आहे. पाश्चात्त्य अभिजात संगीताचे ते गाढे जाणकार होते आणि त्यांच्याकडे सुमारे २०,००० तबकड्या असल्याचा अंदाज नोंदला गेला आहे. लंडनमध्ये राहणारे रशियन रचनाकार निकोलाय मेड्टनर यांच्या रचना मुद्रित व्हाव्यात यासाठी त्यांनी अर्थसाहाय्य दिले आणि १९४८ साली ते लंडनच्या फिलहार्मोनिया कॉन्सर्ट सोसायटीचे पहिले अध्यक्ष झाले. रिचर्ड स्ट्राउस यांच्या अखेरच्या चार गीतांचा पहिला जाहीर कार्यक्रम २२ मे १९५० रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाला, तेव्हा कर्स्टन फ्लागस्टाड गायल्या आणि विल्हेल्म फुर्टवेंग्लर यांनी वाद्यवृंदाचे संचालन केले. या कार्यक्रमासाठी महाराजांनी ४,८०० डॉलरची हमी दिली होती आणि त्यामागे हे गायन मुद्रित होऊन आपल्या संग्रहासाठी म्हैसूरला यावे, हा हेतू होता.

या प्रसंगाचे ध्वनिमुद्रण आज उपलब्ध आहे, पण त्याचा दर्जा निकृष्ट आहे. खरखर फार आहे आणि वाद्यवृंदाचे सूक्ष्म रंग त्यात हरवलेले आहेत. हे उदाहरण पुढील सर्व विवेचनाला आधारभूत आहे. अशा मुद्रणाची प्रत आज कितीही मोठ्या आकड्यांच्या फाइलीत काढली, तरी १९५० साली जे टिपलेच गेले नाही ते त्या फाइलीत येत नाही. चांगली प्रत मूळ मुद्रणाशी प्रामाणिक राहते, त्याची उणीव भरून काढत नाही. संगीताला लाभणारी निष्ठा प्रथम मुद्रणाच्या क्षणी ठरते आणि नंतरच्या प्रत्येक हस्तांतरात ती टिकते किंवा घटते.

मैफल, आकाशवाणी आणि कॅसेट

बेंगळुरूची श्रवणपरंपरा मात्र तबकडीपेक्षा मैफलीवर पोसली गेली. बेंगळुरू गायन समाज ही संस्था १९०५ साली स्थापन झाली, तर चामराजपेठेतील श्रीरामसेवा मंडळीचा रामनवमी संगीतोत्सव १९३९ पासून चालत आला आहे आणि त्यात कर्नाटक व हिंदुस्थानी अशा दोन्ही परंपरांच्या श्रेष्ठ कलावंतांना स्थान मिळाले आहे. वर्णम्‌ने उघडणारी, मधल्या भागात रागालापना, निरवल आणि स्वरप्रस्तार यांनी फुलणारी व शेवटी तनि-आवर्तन, म्हणजे मृदंग आणि साथीच्या तालवाद्यांचे स्वतंत्र वादन, घेऊन उतरणारी अडीच-तीन तासांची मैफल हेच येथील संगीताचे स्वाभाविक माप होते. म्हैसूर येथे मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली खासगी नभोवाणी केंद्र सुरू केले. पुढे हे केंद्र १९५५ साली बेंगळुरूला आले. नभोवाणीने वेळेची मर्यादा सैल केली, तरी तिचा ध्वनी क्षणभंगुर होता आणि श्रोत्याला तो स्वतःजवळ ठेवता येत नव्हता.

हा अधिकार श्रोत्याला प्रथम कॅसेटने दिला. फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणलेल्या या कॅसेटमध्ये फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर इतक्या मंद गतीने फिरे आणि नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर पाऊण तासाचे संगीत मावे. दीर्घवादन तबकडीच्या एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा फार काही बसत नसे, त्यामुळे कर्नाटक मैफलीतील एखादी संपूर्ण रागालापना व कृती मध्ये न तुटता घरी ऐकता येणे ही कॅसेटची मोठी देणगी होती. १९७० आणि १९८० च्या दशकांत बेंगळुरूत कॅसेट-उद्योग बहरला; लहरी ही येथील कंपनी चित्रपटगीते, भावगीते आणि भक्तिगीते यांच्या कॅसेट घराघरांत नेणारी ठरली. गदगच्या मातीतून आलेल्या आणि पुण्यात स्थिरावलेल्या भीमसेन जोशी यांची कन्नड दासवाणी आणि मराठी संतवाणी या दोन्ही कॅसेटच्या माध्यमातून पसरल्या आणि बेंगळुरूतील मराठी कुटुंबांना त्या दोन्हींत आपलेपणा वाटत आला.

ध्वनिमुद्रणाची पायाभूत सोय शहरात उभी करणाऱ्यांत शंकर नाग यांचे नाव मराठी वाचकांना विशेष जवळचे आहे. मुंबईत मराठी रंगभूमीवर घडलेल्या आणि ‘२२ जून १८९७’ या १९७९ च्या मराठी चित्रपटाच्या पटकथेत सहभाग असलेल्या या कलावंताने बेंगळुरूत संकेत इलेक्ट्रॉनिक्स हा ध्वनिमुद्रण स्टुडिओ उभारला. कन्नड चित्रपटांच्या ध्वनिविषयक कामासाठी तोवर मद्रासवर अवलंबून राहावे लागत असे. आपल्या शहरातच उत्तम मुद्रण व्हावे ही त्यामागील आकांक्षा होती. ३० सप्टेंबर १९९० रोजी अवघ्या पस्तिसाव्या वर्षी त्यांचे अपघाती निधन झाले, तरी चांगल्या ध्वनीची सुरुवात चांगल्या मुद्रणातून होते हा त्यांच्या उपक्रमाचा अर्थ टिकून राहिला.

कॅसेटने प्रत काढणे सोपे केले आणि त्याच वेळी प्रतीचा दर्जा हा सामान्य श्रोत्याचा प्रश्न बनवला. देशभरातल्या शहरांप्रमाणे येथेही गाण्यांची यादी दिली की कोऱ्या कॅसेटवर ती भरून देणारी दुकाने होती. चुंबकीय फितीवरची प्रत मात्र मूळ फितीइतकी कधीच नसते : प्रत्येक पिढीत सळसळ वाढते, उंच स्वर मंदावतात आणि फितीच्या गतीतील सूक्ष्म फरकामुळे स्वर डळमळतो. तिसऱ्या-चौथ्या हाती आलेल्या मैफलीच्या कॅसेटमध्ये गायकाचा आवाज ओळखू येई, परंतु तंबोऱ्याचे गंधारयुक्त गुंजन आणि गमकांची धार हरपलेली असे. संगीत पसरत गेले तसतसे ते झिजत गेले, हे या युगाचे वैशिष्ट्य होते.

अंकांत उतरलेला ध्वनी

१९८२ साली बाजारात आलेल्या सीडीने ही झीज तत्त्वतः थांबवली, कारण तिच्यात ध्वनीच्या लहरीऐवजी त्या लहरीची मोजमापे साठवलेली असतात आणि आकड्यांची प्रत मूळ आकड्यांइतकीच नेमकी निघू शकते. या मोजणीला दोन परिमाणे आहेत. एका सेकंदात लहरीची उंची किती वेळा मोजली, याला नमुनादर म्हणतात. सीडीसाठी तो सेकंदाला ४४,१०० आहे. प्रत्येक मोजणी किती बारकाईने नोंदली, हे बिटसंख्येने ठरते. सीडीची बिटसंख्या १६ असल्यामुळे उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या नोंदता येतात आणि सर्वांत हळू व सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर सुमारे ९६ डेसिबल इतके राखता येते. एखाद्या नमुनादराने त्याच्या निम्म्यापर्यंतची कंपनसंख्या टिपता येते, हा या शास्त्राचा मूलभूत सिद्धांत आहे. माणसाच्या कानाची मर्यादा साधारण २०,००० कंपनांची असल्याने सीडीचा दर तिच्या किंचित वर ठेवला गेला.

सीडीच्या ध्वनीला मिनिटाला सुमारे साडेदहा मेगाबाइट जागा लागते. १९९० च्या दशकातील साठवण आणि दूरसंचार यांच्या मानाने हे ओझे फार होते, म्हणून एमपीथ्री पद्धतीने ते एक दशांशाच्या आसपास आणले. मोठ्या स्वराच्या सावलीत दबून जाणारा लहान स्वर कानाला जाणवत नाही, या तत्त्वाचा आधार घेऊन ही पद्धत कमी जाणवणारा भाग टाकून देते आणि टाकलेला भाग पुन्हा मिळवता येत नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले आणि ११ जुलै १९९६ रोजी बेंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर कॉफी व इंटरनेट एकत्र देणारे कॅफे कॉफी डेचे पहिले दालन उघडले. त्या काळच्या २८.८ किलोबिट वेगाच्या दूरध्वनी-जोडणीवर चार मेगाबाइटचे एक गाणे उतरवायला, सर्व काही सुरळीत चालले तरी, अठरा मिनिटांहून अधिक वेळ लागणे गणितानेच अटळ होते. एमपीथ्रीने बारकावे का टाकले, याचे उत्तर या हिशेबात आहे.

खिशातले अंकीय प्लेअर याच वातावरणात जन्मले. १९९८ साली आलेल्या डायमंड रिओ या प्लेअरची क्षमता ३२ मेगाबाइट, म्हणजे १२८ किलोबिट दर्जाच्या सुमारे अर्ध्या तासाच्या संगीताइतकी होती, तर ऑक्टोबर २००१ मधील पहिल्या आयपॉडमध्ये पाच गिगाबाइटची हार्ड डिस्क होती. या उपकरणांच्या मागील तंत्रात बेंगळुरूचा वाटा आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने १९८५ साली येथे संशोधन केंद्र उघडले आणि उपग्रहाच्या साहाय्याने ते परदेशातील कार्यालयांशी जोडले. संकेत-प्रक्रिया, म्हणजे ध्वनी किंवा चित्र यांच्या आकड्यांवर अतिवेगाने गणित करणे, हे या कंपनीचे बलस्थान होते. या केंद्राचे प्रमुख राहिलेले श्रीनी राजम आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ साली बेंगळुरूत इत्तियम सिस्टिम्स ही कंपनी स्थापन केली; एमपीथ्री, एएसी अशा पद्धतींनी ध्वनी आवळणारे आणि उलगडणारे सॉफ्टवेअर तयार करून ते जगभरच्या उपकरण-निर्मात्यांना देणे हे तिच्या प्रमुख कामांपैकी एक होते. ज्या शहरातले श्रोते सरदार पत्रप्पा रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात प्लेअर आणि मेमरी कार्डे शोधत होते, त्याच शहरातील अभियंते परदेशी नावांच्या प्लेअरमध्ये दडलेले गणित लिहीत होते.

मोठी फाइल, लहान उपकरण

जागा स्वस्त झाल्यावर टाकलेल्या बारकाव्यांची आठवण पुन्हा जागी झाली. सीडीहून अधिक बारकाईने मोजलेल्या ध्वनीला हाय-रेझोल्यूशन किंवा बोलीत हाय-रेझ म्हणतात. यात बिटसंख्या बहुधा २४ आणि नमुनादर ९६,००० किंवा १,९२,००० असतो. चोवीस बिटांत उंचीच्या १ कोटी ६७ लाखांहून अधिक पायऱ्या होतात आणि तात्त्विक पल्ला १४४ डेसिबलपर्यंत जातो. २००१ साली फ्लॅक ही मुक्त पद्धत आली. ती ध्वनीतले काहीही न टाकता केवळ आकड्यांची मांडणी आटोपशीर करून बरीच जागा वाचवते आणि उलगडल्यावर मूळचा प्रत्येक आकडा जसाच्या तसा परत देते. २०१२ साली कोरियातील आयरिव्हर कंपनीने अ‍ॅस्टेल अँड कर्न या नावाने आणि २०१३ साली सोनीने वॉकमन या जुन्या नावाखाली अशा फाइल वाजवणारे प्लेअर आणले.

हाय-रेझ फाइल संगणकावरून प्लेअरमध्ये उतरवणे हे वरकरणी साधे काम आहे, परंतु त्यात आकार, वेग, साठवणीची रचना आणि माहिती असे चार प्रश्न गुंतलेले आहेत. चोवीस बिट आणि ९६,००० नमुनादराच्या एका तासाच्या स्टिरिओ ध्वनीला, न आवळता, सुमारे २.०७ गिगाबाइट जागा लागते. तेवढाच ध्वनी १२८ किलोबिट एमपीथ्रीत ५८ मेगाबाइटच्या आत मावतो, म्हणजे प्रमाण छत्तिसास एक असे पडते. यूएसबीच्या पहिल्या पिढीचा कमाल वेग सेकंदाला १२ मेगाबिट होता. त्या वेगाने ही एक तासाची फाइल उतरायला किमान तेवीस मिनिटे लागली असती. २००० साली ठरलेल्या दुसऱ्या पिढीचा कमाल वेग ४८० मेगाबिट झाला आणि तोच अवधी तत्त्वतः ३५ सेकंदांवर आला, जरी प्रत्यक्ष वेग कार्ड व संगणकामुळे बराच कमी पडतो. दीर्घ मैफल मूळ दर्जात खिशात घेऊन फिरणे व्यवहार्य झाले ते या बदलामुळे.

साठवणीच्या रचनेचा अडथळा दीर्घ संगीताला विशेष जाचतो. जुन्या मेमरी कार्डांवरील फॅट३२ या मांडणीत एका फाइलचा आकार चार गिगाबाइटच्या पलीकडे जाऊ शकत नाही आणि न आवळलेल्या वेव्ह फाइलच्या आकाराची नोंदही तेवढ्याच आकड्यात बसवलेली असते. चोवीस बिट आणि १,९२,००० नमुनादराने मुद्रित केलेला ध्वनी ही सीमा सुमारे ६२ मिनिटांतच गाठतो, त्यामुळे तीन तासांची अखंड मैफल एका फाइलीत ठेवता येत नाही आणि ती तोडावी लागते. चित्रपटगीतांना अशी अडचण कधी भासली नाही. तीन मिनिटांच्या तबकडीने रागसंगीताला जे सांगितले, तेच शंभर वर्षांनंतर एका साठवण-मांडणीने पुन्हा सांगितले. २००९ च्या सुमारास आलेल्या मोठ्या कार्डांसोबत एक्सफॅट ही मांडणी रूढ झाली आणि निदान कार्डाच्या बाजूने ही सीमा दूर झाली. आज ५१२ गिगाबाइटच्या नखाएवढ्या कार्डावर फ्लॅक रूपातले ९६,००० नमुनादराचे सुमारे ४०० तासांचे संगीत राहू शकते.

मैफलीचे भाग पाडावे लागलेच, तर दोन भागांमधला सांधा महत्त्वाचा ठरतो. एमपीथ्री ध्वनीचे १,१५२ नमुन्यांचे ठरावीक घास करते आणि शेवटचा अपुरा घास शांततेने भरते, म्हणून आलापना संपून कृती सुरू होते त्या जागी तंबोऱ्याच्या अखंड नादात बारीक खंड पडतो; फ्लॅकमध्ये नमुन्यांची नेमकी संख्या नोंदलेली असल्यामुळे योग्य प्लेअर तो सांधा जाणवू देत नाही. प्रत अचूक उतरली का, हेही फ्लॅक फाइल स्वतः सांगू शकते, कारण मूळ ध्वनीवरून काढलेली एक तपासणी-संख्या तिच्या आरंभीच लिहिलेली असते आणि उलगडलेल्या ध्वनीवरून तीच संख्या पुन्हा काढून ताडून पाहता येते. संगणकाने लेखन पूर्ण करण्यापूर्वीच प्लेअर ओढून काढला, तर फाइलचे नाव दिसते आणि आतला ध्वनी अर्धवट राहतो. ही चूक उघडकीस आणण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे अशी पडताळणी.

चौथा प्रश्न नावांचा. फाइलसोबत जोडल्या जाणाऱ्या माहितीची घडण पाश्चात्त्य लोकप्रिय गीताच्या मापाने झाली : कलाकार, अल्बम, गाण्याचे शीर्षक. एमपीथ्रीच्या पहिल्या माहिती-पद्धतीत तर शीर्षकाला अवघी तीस अक्षरे मिळत आणि देवनागरी किंवा कन्नड लिपीची सोयच नव्हती. कर्नाटक मैफलीतील एका कृतीची ओळख पटायला राग, ताल, रचनाकार, भाषा, गायक, व्हायोलिनवादक, मृदंगवादक, स्थळ आणि दिनांक एवढे तपशील लागतात. फ्लॅकच्या माहिती-पद्धतीत हवी ती नावे देऊन हवी तेवढी खाती उघडता येतात आणि युनिकोडमुळे ती कोणत्याही लिपीत भरता येतात. पण ती भरण्याचे कष्ट माणसालाच घ्यावे लागतात. नाव गमावलेली मैफल ध्वनी म्हणून शाबूत असली, तरी इतिहास म्हणून मुकी होते.

दुकान, संग्रह आणि वाद

फाइलचा कायदेशीर बाजार उभारण्याचा भारतातील एक महत्त्वाचा प्रयत्न बेंगळुरूतच झाला. फ्लिपकार्ट या येथील कंपनीने फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लाइट नावाचे संगीताचे दुकान सुरू केले. तेथून घेतलेल्या एमपीथ्री फाइलींना कोणतेही तांत्रिक कुलूप नव्हते, त्यामुळे ग्राहक त्या आपल्या कोणत्याही प्लेअरमध्ये भरू शकत होता. फुकट व बेकायदा प्रतींची सवय, एकेका गाण्यासाठी पैसे चुकते करण्याची अडचण आणि भाडेतत्त्वावरील प्रवाही सेवांचा उदय या परिस्थितीत हे दुकान टिकले नाही. १७ जून २०१३ पासून त्याची विक्री थांबली. पुढील काळात प्रवाही सेवांनी हाय-रेझ दर्जाही देऊ केला, परंतु त्यात श्रोत्याच्या हाती फाइल येत नाही. सेवा किंवा तिचे करार संपले की संगीतही नाहीसे होऊ शकते.

उलट दिशेने, म्हणजे जुन्या ध्वनीकडून नव्या फाइलकडे, जाणारे कामही याच शहरात झाले. गौहर जान यांचे चरित्र लिहिणारे बेंगळुरूचे इतिहासकार विक्रम संपत यांनी ‘आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक’ हा ना-नफा उपक्रम उभारून ७८ फेऱ्यांच्या तबकड्या अंकीय रूपात आणल्या आणि त्या सर्वांना ऐकण्यासाठी खुल्या केल्या. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जुन्या ध्वनीच्या जतनासाठी २४ बिट आणि किमान ४८,००० नमुनादराची, शक्यतो ९६,००० ची, शिफारस केली आहे. ज्या तबकडीत मुळातच खरखर आहे तिच्यासाठी एवढी बारकाई कशाला, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की खरखर आणि स्वर वेगळे करणारी साधने उद्या सुधारतील, तेव्हा त्यांना काम करायला पुरेसे बारीक मोजलेले मूळ लागेल, आणि तोवर ती तबकडी कदाचित फुटलेली असेल.

हाय-रेझ ध्वनी सीडीपेक्षा कानाला खरोखर वेगळा लागतो का, यावर विद्वानांत मतभेद आहेत. मेयर आणि मोरान यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत श्रोत्यांना हाय-रेझ आणि सीडी-दर्जा यांतला फरक ओळखता आला नाही. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ राइस यांनी २०१६ साली अनेक प्रयोगांचा एकत्रित अभ्यास करून अल्प, पण संख्याशास्त्रीय दृष्ट्या ग्राह्य असा फरक ओळखला जातो, असा निष्कर्ष काढला. शिवाय बिनतारी हेडफोन वापरणाऱ्याला या फरकाचा बराचसा भाग मिळतच नाही, कारण ब्लूटूथच्या एलडॅकसारख्या उत्तम पद्धतीचीही ९९० किलोबिटांची कमाल सीडीच्या १,४११ किलोबिटांच्या खाली राहते. या वादाचा निकाल काहीही लागो, मूळ मुद्रणाची न झिजलेली प्रत ठेवण्याचे महत्त्व त्याने कमी होत नाही : लहान फाइल मोठ्या फाइलपासून केव्हाही करता येते, उलट प्रवास करता येत नाही.

या शतकभराच्या वाटचालीत जबाबदारीचे स्थान बदलत गेले आहे. तबकडीच्या काळात ध्वनीचे काय होणार हे हानोव्हर आणि कलकत्त्यातील कारखान्यांनी ठरवले, महाराजांच्या संग्रहात ते एका संस्थानिकाच्या रसिकतेवर अवलंबून होते, कॅसेटच्या काळात कंपन्या आणि रस्त्यावरची दुकाने यांच्याकडे ते गेले, आणि आज संगणकाला प्लेअर जोडणारा प्रत्येक श्रोता स्वतःच प्रतकर्ता झाला आहे. पूर्वी मोठ्या संस्थांनाही न परवडणारी अचूकता आता त्याला सहज साध्य आहे. मूळ फाइल न आवळता किंवा काहीही न टाकणाऱ्या पद्धतीने राखणे, प्रत उतरवल्यावर ती पडताळणे, दुसऱ्या जागी आणखी एक प्रत ठेवणे आणि प्रत्येक मैफलीची नावे पूर्ण लिहिणे एवढी शिस्त त्यासाठी पुरते. बेंगळुरूतील आणि महाराष्ट्रातील कितीतरी घरांत व संस्थांत मैफलींच्या फिती अजून पडून आहेत. चुंबकीय फीत काळाबरोबर खराब होते आणि ती वाजवणारी यंत्रे दुर्मीळ होत चालली आहेत. ध्वनी उतरवण्याचे तंत्र शिकलेल्या पिढीने ते सर्वप्रथम या फितींसाठी वापरावे, कारण खिशातल्या प्लेअरसाठी नवे संगीत रोज मिळेल, पण या मैफली पुन्हा गायल्या जाणार नाहीत.